संघाची सभा कशी चाले, आणि आपली कशी चालते

२५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेब आंबेडकरांनी एक यादी सांगितली होती. बौद्ध भिक्खू संघांना आधुनिक संसदीय कामकाजाचे सगळे नियम ठाऊक होते आणि ते पाळलेही जात, असं म्हणून त्यांनी ते मोजले: आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, व्हिप, मतमोजणी, गुप्त मतदान, निषेधाचा ठराव, अनियमित काम नियमित करून घेणं, एकदा मिटलेला वाद पुन्हा न उकरणं. संविधान दिन आला की ही यादी व्हॉट्सॲपवर फिरते आणि खाली 'लोकशाही आपल्याकडेच जन्मली' अशी ओळ जोडलेली असते. पुढची वाक्यं मात्र गळतात. हे नियम बुद्धांनी त्या काळच्या राजकीय सभांकडून घेतले असले पाहिजेत, असं बाबासाहेब पुढे म्हणाले होते. आणि ही लोकशाही भारताने गमावली, हेही.

मग ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवर बोलताना त्यांनी सांगितलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत. आपल्या तत्त्वज्ञानाची मुळं राज्यशास्त्रात नाहीत, धर्मात आहेत, बुद्धाच्या शिकवणीत आहेत. वरवर पाहिलं तर दोन विधानांत ओढाताण दिसते. नियम राजकारणातून धर्मात गेले की धर्मातून राजकारणात आले? माझ्या मते दोन्ही. वैशालीकडच्या वज्जींची गणराज्यं मगधाने गिळली, त्यांच्या संथागारांत, म्हणजे सभागृहांत, कामकाज कसं चाले याचा सविस्तर दस्तऐवज आपल्यापर्यंत आला नाही. संघाने मात्र आपली कार्यपद्धती विनयपिटकात, म्हणजे आपल्या नियमांच्या ग्रंथात, शब्दशः जपली. जपली म्हणजे कपाटात ठेवली नाही; ती रोजच्या वापरात राहिली. आजही थेरवादी (श्रीलंका-थायलंडकडच्या) परंपरेत उपसंपदा, म्हणजे भिक्खूची पूर्ण दीक्षा, देताना तेच पाली शब्द त्याच क्रमाने उच्चारले जातात. गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी स्वातंत्र्यापूर्वीच या नियमांची ओळख मराठीत करून दिली होती. त्यामुळे मराठी वाचकाला हा विषय अगदीच परका नाही, फक्त तो 'आमच्याकडेही होतं' एवढ्यावरच थांबतो.

बाबासाहेबांची यादी हातात घेऊन विनयपिटकाच्या महावग्ग आणि चुल्लवग्ग या भागांतले मूळ नियम वाचले, तर एक गोष्ट लवकर ध्यानात येते. मतमोजणीला तिथे फार मान नाही. खरा कस लागतो तो मोजणीच्या आधी: कोण हजर आहे, कोण नाही, कोणते शब्द कोणत्या क्रमाने उच्चारले, एकाने हरकत घेतली तर काय. आपल्या सभागृहांनी आणि सोसायट्यांनी नेमका हाच भाग सगळ्यात कमी उचलला आहे.

एक ठराव जवळून पाहू, उपसंपदेचा, म्हणजे नव्या माणसाला भिक्खू म्हणून दाखल करून घेण्याचा. सुरुवातीला बुद्ध स्वतः 'ये भिक्खू' म्हणून दाखल करत. पुढे भिक्खूंना तिसरणाच्या, म्हणजे बुद्ध-धम्म-संघाला शरण जाण्याच्या वचनाच्या, आधारावर प्रव्रज्या (घर सोडण्याची दीक्षा) आणि उपसंपदा देण्याची मुभा मिळाली. मग राध नावाच्या एका ब्राह्मणाचं प्रकरण आलं. त्याला कुणी घेईना, तो खंगत चालला. बुद्धांनी विचारलं, याचे उपकार कुणाला आठवतात? सारिपुत्तांना आठवलं की राजगृहात भिक्षेला फिरताना याने आपल्याला एक पळीभर अन्न वाढलं होतं. त्या वेळी बुद्धांनी जुनी पद्धत बंद करून दाखल करण्याचा अधिकार संघाला दिला, आणि त्यासाठी एक प्रस्ताव व तीन वाचनं अशी रीत घालून दिली. अधिकार माणसाकडून कार्यपद्धतीकडे गेला तो इथे, आणि ज्याच्याकडे तो होता त्यानेच तो सोडला.

रीत अशी. एक जाणकार, सक्षम भिक्खू उभा राहून म्हणतो, 'सुणातु मे भन्ते सङ्घो', संघाने माझं ऐकावं. अमुक माणूस अमुक उपाध्यायांच्या हाताखाली उपसंपदा मागतो आहे. संघाला वेळ योग्य वाटत असेल तर संघाने ती द्यावी. ही ज्ञप्ती, म्हणजे प्रस्ताव. इथे क्रियापद 'द्यावी' असं असतं. मग लगेच अनुश्रावण: संघ अमुक माणसाला उपसंपदा देतो आहे, ज्यांना हे मान्य असेल त्यांनी गप्प राहावं, ज्यांना मान्य नसेल त्यांनी बोलावं. हेच दुसऱ्यांदा. हेच तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा कुणी बोललं नाही तर शेवटची घोषणा होते: 'खमति सङ्घस्स, तस्मा तुण्ही, एवमेतं धारयामि.' संघाला मान्य आहे, म्हणून तो गप्प आहे, असं मी समजतो. दाखल झाल्या झाल्या सावली मोजायची, ऋतू आणि दिवसाचा प्रहर सांगायचा, कारण पुढे आसनाचा क्रम या घटकेवरून ठरतो. उपाली न्हावी शाक्य राजपुत्रांच्या आधी दाखल झाला तो याच हिशोबाने. राजपुत्रांनी स्वतःच मागणी केली होती की आधी याला घ्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावं लागेल आणि आमचा शाक्यपणाचा ताठा उतरेल.

सगळ्या कामांना तीन वाचनं लागत नाहीत. चार प्रकार आहेत: नुसतं संघाला विचारून करायचं काम, नुसत्या ज्ञप्तीचं काम, ज्ञप्ती आणि एक वाचन, ज्ञप्ती आणि तीन वाचनं. काम जितकं कुणाच्या हक्काला हात घालणारं, तितकी वाचनं जास्त. पदाधिकारी नेमायला एक वाचन पुरतं. दाखल करून घ्यायला किंवा निलंबित करायला तीन लागतात. संसदेतल्या विधेयकाच्या तीन वाचनांशी याची सांगड लोक हमखास घालतात. ती जमत नाही. संसदेत मांडणी, चर्चा आणि मंजुरी हे तीन वेगळे टप्पे असतात. संघात तेच वाक्य तीनदा म्हटलं जातं, आणि त्याचा उद्देश एवढाच की कचरणाऱ्या माणसाला तोंड उघडायला तीन संधी मिळाव्यात.

आता बिघाड कुठे होतो ते. महावग्गाचा नववा खंधक (प्रकरण), चंपा नगरीत घडलेला, जवळजवळ सगळा याच प्रश्नावर आहे. वाचन आधी केलं आणि ज्ञप्ती नंतर मांडली, तर शब्द सगळे बरोबर असूनही काम रद्द. त्याला 'धम्मपतिरूपक' म्हटलं आहे, धर्मासारखं दिसणारं. एक वाचन हवं तिथे ज्ञप्तीच दोनदा मांडली आणि वाचन केलंच नाही, रद्द. तीन हवी तिथे दोन केली, रद्द. पद्धत बरोबर पण सभा अपुरी, रद्द. सभा पूर्ण पण पद्धत चुकीची, तरी रद्द. पद्धत आणि पूर्ण सभा दोन्ही जुळल्या तरच काम वैध. अवैध कामासाठी वापरलेला शब्दप्रयोग मला फार आवडतो: 'अकम्मं, न च करणीयं'. ते काम झालंच नाही, आणि करूही नये.

गणपूर्तीचे आकडे असे: बहुतेक कामांना ४ भिक्खू पुरतात. वर्षावास संपताना 'माझे दोष सांगा' असं एकमेकांना विनवण्याच्या विधीला, पवारणेला, ५ लागतात. मध्यदेशात (गंगेच्या खोऱ्यात) उपसंपदेला १०. गंभीर दोषाचं प्रायश्चित्त पूर्ण केलेल्याला पुन्हा सामावून घ्यायला २०. आणि संख्या कोणी भरून काढायची नाही, याची लांबलचक यादी दिली आहे. श्रामणेर (अजून उपसंपदा न झालेला) धरायचा नाही. निलंबित भिक्खू धरायचा नाही. संघाने आखलेल्या सीमेबाहेर उभा असलेला धरायचा नाही. ऋद्धिबळाने हवेत तरंगणारा धरायचा नाही! (नियम लिहिणाऱ्याने पळवाटांचा किती विचार केला होता, ते यावरून कळतं.) आणि ज्याच्याविरुद्ध किंवा ज्याच्यासाठी काम चाललं आहे, तो स्वतःही त्या संख्येत धरायचा नाही.

या आकड्यांत बदल कसा झाला तेही पाहण्याजोगं आहे. अवंती-दक्षिणापथात (माळव्याकडच्या मुलखात) भिक्खू थोडे. तिथे सोण कुटिकण्णाला उपसंपदा द्यायला महाकच्चानांना १० भिक्खू गोळा करता करता ३ वर्षं लागली. मग सोणाच्या हाती त्यांनी बुद्धांकडे मागणी पाठवली. तिच्यात त्या प्रदेशाचं वर्णन आहे: जमीन वरून काळी, खडबडीत, गुरांच्या खुरांनी तुडवलेली, तेव्हा जाड तळव्याच्या वहाणाही चालू द्या. बुद्धांनी सीमावर्ती प्रदेशांसाठी आकडा ५ वर आणला, पण त्यात एक विनय जाणणारा असलाच पाहिजे अशी अट घातली. संख्या उतरवली आणि लायकी चढवली. महाकच्चानांनी ३ वर्षं थांबून १० जमवले आणि मगच नियम बदलून मागितला, हा क्रम माझ्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. अडचण होती म्हणून आधी पाचांत उरकलं आणि मागाहून मान्यता घेतली, असं त्यांनी केलं नाही.

गणपूर्ती भरली म्हणजे सभा पूर्ण झाली, असं मात्र नाही. आपल्या मनातला सगळ्यात मोठा गोंधळ इथे आहे. सीमेच्या आत जेवढे पात्र भिक्खू आहेत ते सगळे यायला हवेत. सीमा आखायची ती डोंगर, खडक, वन, झाड, रस्ता, वारूळ, नदी, पाणी या खुणांवरून, आणि जास्तीत जास्त ३ योजनांपर्यंत. चाळीस जण आत आहेत आणि एकोणचाळीस आले, तर ती सभा 'वग्ग', तुटकी. आजारी असेल त्याने दुसऱ्या भिक्खूजवळ आपली संमती द्यायची, शब्दाने किंवा खुणेने. तेही जमत नसेल तर त्याला खाटेवरून सभेत आणायचं. हलवल्याने आजार वाढेल किंवा मरण ओढवेल असं शुश्रूषा करणाऱ्यांना वाटलं, तर संघाने उठून त्याच्याकडे जायचं आणि काम तिथे करायचं. एखाद्याला नातेवाइकांनी किंवा राजाच्या माणसांनी धरून ठेवलं असेल तर त्यांना विनंती करायची, घटकाभर याला सोडा. नाही म्हणाले तर, निदान आमचं काम होईपर्यंत याला सीमेच्या बाहेर न्या. तेही नाही म्हणाले, तर काम करायचंच नाही. अपुऱ्या संघाने ते करणं हा दोष.

याच्या शेजारी आपली पद्धत ठेवून पाहा. लोकसभेची गणपूर्ती एक दशांश, म्हणजे ५४३ पैकी ५५. महाराष्ट्र विधानसभेत २८८ पैकी २९. आणि गृहनिर्माण संस्थेच्या नोटिशीतलं ते सगळ्यांना पाठ असलेलं वाक्य: 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तीस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.' सचिव नऊची वेळ लिहितो तेव्हाच त्याच्या डोक्यात साडेनऊ असतात. नियम मोडलेला नसतो, पण गणपूर्ती ज्या कारणासाठी असते ते कारण त्या अर्ध्या तासात निकालात निघालेलं असतं.

हरकतीचा नियम आणखी कडक आहे. तिन्ही वाचनांत एका पात्र भिक्खूने हरकत घेतली की ठराव अडतो. ती मोठ्याने घ्यायला हवी असंही नाही. चंपेच्या खंधकात म्हटलं आहे की त्याच सीमेत राहणाऱ्या, नियमित भिक्खूने शेजारी बसलेल्याला सांगितली तरी हरकत संघाच्या मध्यभागी घेतल्यासारखीच धरायची. भर सभेत उभं राहायचं धाडस सगळ्यांना नसतं, हे नियम करणाऱ्याला माहीत होतं. आपल्याकडे आवाजी मतदानात 'होय'चा आवाज मोठा की 'नाही'चा, हे अध्यक्षांच्या कानावर. मतविभागणी मागण्याची सोय आहे, पण ती वेळेत आणि ऐकू जाईल अशी मागावी लागते. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी आपल्या विधानसभेत सरकारवरचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाल्याचं जाहीर झालं आणि मतविभागणी का घेतली नाही यावरून गदारोळ उठला, तो याच दुखण्याचा.

मग मतदान कधी? वाद मिटवण्याचे सात उपाय चुल्लवग्गात दिले आहेत, आणि बहुमत, 'येभुय्यसिका', हा त्यांतला एक. त्यापर्यंत यायला आधीच्या पायऱ्या चढाव्या लागतात. आपल्या विहारात समोरासमोर मिटवून पाहा. नाही जमलं तर जास्त भिक्खू असलेल्या विहारात जा. सभेत नुसतंच बोलणं वाढतं आहे आणि एकाही बोलण्याचा अर्थ लागत नाही, असं झालं तर निवडक लोकांच्या समितीकडे, 'उब्बाहिके'कडे द्या. तिनेही भागलं नाही तरच शलाका, म्हणजे मतांच्या काड्या. क्षुल्लक विषयावर शलाका वाटल्या तर ते मतदान अवैध. वाद पुरता चालून झाला नसताना वाटल्या तरी अवैध. मोजणीने संघ फुटणार हे दिसत असताना वाटल्या तर तेही अवैध.

शलाका वाटणारा आधी ठरावाने नेमावा लागतो. तो पक्षपात, द्वेष, मोह आणि भय यांनी चालणारा नसावा, आणि कुणी घेतली, कुणी नाही, हे त्याला कळत असावं. पद्धती तीन: गुप्त, कानात सांगून, उघड. गुप्त पद्धतीत दोन पक्षांच्या शलाका वेगळ्या रंगांच्या करायच्या, एकेका भिक्खूकडे जाऊन म्हणायचं, ही या मताची, ही त्या मताची, हवी ती घ्या. घेतल्यावर सांगायचं, कुणाला दाखवू नका.

बाबासाहेबांच्या यादीतला 'व्हिप' मला सगळ्यात कच्चा दुवा वाटतो तो यामुळेच. काशीप्रसाद जयस्वालांसारख्या अभ्यासकांनी गणपूरक या पदाची व्हिपशी तुलना केली होती. पण गणपूरक संख्या भरतो, कुणी कोणती शलाका घ्यायची ते सांगत नाही. आपला व्हिप १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीनंतर, दहाव्या अनुसूचीमुळे, आमदार-खासदाराचं पदच काढून घेऊ शकतो. राज्यसभेच्या निवडणुकीत तर २००३ पासून पक्षाच्या आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावीच लागते. जून २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या एका आमदाराचं मत बाद झालं ते ती पत्रिका दाखवण्याच्या पद्धतीवरून. मोजणी पहाटेपर्यंत रखडली होती. घोडेबाजार रोखायचा तर दुसरा उपाय नाही, असं यावर सांगितलं जातं, आणि त्यात तथ्य आहे. पण 'कुणाला दाखवू नका' आणि 'दाखवलीच पाहिजे' यांतलं अंतर ज्याने त्याने मोजावं.

इथपर्यंत वाचून संघाची पद्धत फारच उदार वाटायला लागेल. ती तशी नव्हती. गुप्त मतदान झाल्यावर शलाका वाटणाऱ्याने मोजायचं, आणि अधर्माच्या बाजूचे जास्त निघाले तर 'दुग्गहो' म्हणायचं, म्हणजे शलाका चुकीच्या घेतल्या गेल्या, आणि त्या परत घ्यायच्या. धर्माच्या बाजूचे जास्त असले तर 'सुग्गहो'. धर्मवादी जास्त आहेत याची खात्री असेल तर मतदान उघडच घ्यायचं. म्हणजे गुप्ततेचा एक उपयोग मतदाराला मोकळीक देणं, आणि दुसरा, नको तो निकाल बोभाटा न होता मागे घेणं. आधुनिक वाचकाला हे उघड उघड निवडणूक हाणून पाडणं वाटेल. धर्म काय हे मोजून ठरत नाही, विनयाने आधीच ठरलेलं आहे, या गृहीतकावर ते उभं आहे. हा अधिकार ज्याच्या हाती आहे त्याला नेमताना मात्र एकाचीही हरकत नव्हती, हे त्यातल्या त्यात राखणीचं कुंपण. आपले अध्यक्ष बहुमताने निवडले जातात.

आपल्या व्यवस्थेतही 'दुग्गहो' आहे, फक्त तो सभागृहात बसत नाही. २४ एप्रिल १९७३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केशवानंद भारती खटल्यात सांगितलं की दोन तृतीयांश बहुमत असलं तरी संसदेला संविधानाची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. याचिकाकर्ते केरळातल्या एडनीर मठाचे अधिपती होते. आणि बहुमताला मर्यादा घालणारा हा निकाल स्वतः १३ न्यायाधीशांत ७ विरुद्ध ६ असा लागला!

शलाका चुकीच्या हाती गेली तर काय होतं, हे संघ फोडणाऱ्या देवदत्त नावाच्या भिक्खूच्या प्रकरणात दिसतं. त्याने पाच कडक नियमांची मागणी केली: आयुष्यभर अरण्यातच राहावं, भिक्षेवरच जगावं, चिंध्यांचीच चीवरं घालावीत, झाडाखालीच राहावं, मासे-मांस खाऊ नये. बुद्धांनी सक्ती नाकारली. तेव्हा देवदत्ताने उपोसथाच्या, म्हणजे पंधरवड्याच्या सभेच्या, दिवशी उभं राहून स्वतःच शलाका वाटल्या. वैशालीचे ५०० वज्जिपुत्तक भिक्खू नवखे होते. हाच धर्म, हाच विनय, असं समजून त्यांनी त्या घेतल्या. समिती नव्हती, नेमणूक नव्हती, चर्चा पुरी झालेली नव्हती. ज्याची मागणी, त्यानेच मत मागितलं. सगळ्यात कडक सोवळ्याची भाषा करणारा माणूस कार्यपद्धती सगळ्यात सैल करतो, हा प्रकार नंतरही पुष्कळदा दिसला आहे.

याच्या उलट बाजूला वैशालीची दुसरी संगीती (धर्मसभा), बुद्धांच्या परिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी. वैशालीचे भिक्खू उपासकांकडून पैसे घेत होते, यस काकंडकपुत्तांनी हरकत घेतली, आणि दहा मुद्द्यांचा वाद उभा राहिला. सभेत ७०० जण. बोलणं संपेना. म्हणून आठ जणांची समिती, चार पूर्वेकडचे, चार पश्चिमेकडचे. आसनं मांडायला अजित नावाच्या भिक्खूची रीतसर नेमणूक. रेवत एकेक मुद्दा विचारतात, सब्बकामी उत्तर देतात, कुठे आणि कोणत्या प्रसंगात याला मनाई झाली ते सांगतात, आणि प्रत्येक मुद्दा निकाली निघाला की एक शलाका खाली ठेवली जाते. दहा मुद्दे, दहा शलाका. मग हाच सारा सवाल-जबाब पूर्ण संघासमोर पुन्हा.

या दहांत लोकांना आठवतो तो सोन्या-चांदीचा मुद्दा. मला महत्त्वाचा वाटतो तो 'अनुमतिकप्प': अपुऱ्या सभेत काम उरकायचं आणि बाकीचे आले की त्यांची संमती घ्यायची. समितीने चंपेच्या नियमाचा दाखला देऊन तो फेटाळला. 'मागील सभेत झालेल्या खर्चास कार्योत्तर मंजुरी' हा विषय ज्यांच्या वार्षिक सभेच्या पत्रिकेवर दरवर्षी असतो, त्यांनी हे वाचायला हरकत नाही.

मग बाबासाहेबांना हे सगळं ठाऊक असताना, त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीने संविधानात याच्या उलटे नियम का घातले? अनुच्छेद १००(२) म्हणतो की अपात्र व्यक्तीने सभागृहात बसून मत दिल्याचं मागाहून उघड झालं तरी कामकाज वैधच राहील. अनुच्छेद १२२ म्हणतो की कार्यपद्धतीत अनियमितता झाली एवढ्या कारणावरून संसदेच्या कामकाजाला न्यायालयात आव्हान देता येणार नाही. चंपेत हे 'अकम्मं' ठरलं असतं. कारण सरळ आहे. संघाला कर गोळा करायचा नव्हता, सैन्य पोसायचं नव्हतं. उपसंपदा आज नाही झाली तर पुढच्या वर्षी. फारच बिनसलं तर एक गट वेगळ्या सीमेत जाऊन वेगळा उपोसथ करू शके. राज्याला अशी फुरसत नसते, आणि वेगळ्या सीमेची सोय तर नाहीच नाही. त्या वेळच्या ३६ कोटींच्या देशात एका हरकतीवर अर्थसंकल्प अडकवता येत नाही. त्यामुळे संविधानाने संघाचे नियम जसेच्या तसे घ्यायला हवे होते, असं मी म्हणणार नाही. पण जिथे घाई नसते, जिथे शंभर-दोनशे माणसं एका कुंपणात राहतात, तिथेही आपण संसदेच्या सवलती उचलतो, हे मला पटत नाही.

आणखी एक बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. संघात शिरण्याच्या दारावर पहारा होता. कर्जदार, दास, राजाच्या नोकरीतला सैनिक यांना प्रवेश नव्हता. सैनिकांची बंदी बिंबिसाराच्या मागणीवरून आली, कारण सीमेवर गडबड झाली तेव्हा त्याचे लढवय्ये भिक्खू होऊ लागले होते. आत शिरल्यावर जात पुसली जाई, पण मालकाची, सावकाराची आणि राजाची मालमत्ता म्हणून जो धरला जाई, त्याला आधी सुटून यावं लागे. भिक्खुणीची हरकत भिक्खू संघाच्या कामात धरली जात नसे, आणि शंभर वर्षं भिक्खुणी राहिलेल्या बाईनेही त्या दिवशी दाखल झालेल्या भिक्खूला वंदन करायचं होतं. प्रौढ मताधिकाराचं मूळ या नियमांत शोधू नये. ते तिथे नाही.

नियम पाळले गेले नाहीत तर पाळायला कोण लावणार, हा प्रश्न संघातही होता. बुद्धांनी वारस नेमला नव्हता. परिनिर्वाणानंतर मगधाचा मंत्री वस्सकार आनंदांना विचारतो, तुमचा नायक कोण? आनंद म्हणतात, कुणी नाही. गावाच्या हद्दीत आम्ही सगळे जमतो, प्रातिमोक्ष (भिक्खूंच्या नियमांची यादी) म्हटला जातो, कुणाचा दोष निघाला तर नियमाप्रमाणे कारवाई होते, आणि ती कारवाई माणसं करत नाहीत, धर्म करतो. राजकारणातली भक्ती हा अधोगतीचा हमखास रस्ता आहे, हे बाबासाहेबांचं वाक्य त्याच २५ नोव्हेंबरच्या भाषणातलं आहे. ते यादीच्या शेजारी ठेवून वाचावं.

पण धर्म नेहमी पुरत नाही. कोसंबी नगरीत एका भिक्खूच्या निलंबनावरून दोन तट पडले, हातघाईपर्यंत गेलं. बुद्धांनी समजावलं, त्यांनी ऐकलं नाही, बुद्ध निघून गेले. शेवटी कोसंबीच्या उपासकांनी ठरवलं: यांना वंदन नाही, भिक्षा नाही. उपाशी पोटी सगळे श्रावस्तीला गेले आणि निलंबित भिक्खूने आपला दोष मान्य केला. मग समेटाचा ठराव कसा करायचा ते सांगितलं आहे. उपालींनी विचारलं, मुळाशी न जाता, चौकशी न करता संघाने समेट केला तर तो धरायचा का? नाही, असं उत्तर आलं; तो अक्षरापुरता समेट, अर्थाचा नाही. आणि इतर सगळ्या कामांत आजाऱ्याने संमती पाठवलेली चालते, ती सूट या एका ठरावाला नाही. आजारी आणि धडधाकट, सगळ्यांनी एकत्र यायचं. संमती कुणीही पाठवायची नाही.